जर्सी उतरवा, पण राजीनामा लिहू नका

पत्र

स. न. वि. वि.

माझं वय ३४, उंची ६ फूट ५ इंच, वजन ९८ किलो. बारा वर्षांपूर्वी क्रीडा कोट्यातून रेल्वेत लिपिक म्हणून लागलो आणि तेव्हापासून बास्केटबॉलच खेळतोय, पोस्टवर, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या जागेवर. यंदा बारा जणांत नाव होतं, पण सबंध स्पर्धेत मिनिटं मिळाली जेमतेम तीस. दोन्ही गुडघे दुखतात. सांगलीजवळ माझ्या मेव्हण्याची रस्त्यालगत साडेसहा गुंठे जमीन आहे. तो म्हणतो, "दाजी, राजीनामा द्या, आपण कोर्ट बांधू आणि अकादमी काढू." माझ्याकडे १४ लाख शिल्लक आहेत, वर २० लाखांचं कर्ज काढायचा विचार आहे. बायको खासगी शाळेत शिक्षिका आहे. तिचं म्हणणं, नोकरीला हात लावू नका. आम्हाला सात वर्षांची मुलगी आहे. ऑफिसात मला खेळाडू म्हणूनच ओळखतात, फायलींचं काम मला धड येत नाही. खेळ थांबला की मी तिथे बसून काय करू?

— एक पोस्ट खेळाडू

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. खेळणं थांबवायचं का, हा पहिला. त्याचं उत्तर त्या तीस मिनिटांनी तुम्हाला दिलेलंच आहे. नोकरी सोडायची का, हा दुसरा. त्याचं उत्तर आमच्याकडून घ्या: नाही. निदान आणखी आठ वर्षं तरी नाही.

आठ वर्षांचा हिशेब असा. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या सेवेत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनामा दिला की मागची सेवा जप्त धरली जाते, म्हणजे बारा वर्षांची ग्रॅच्युइटी गेली. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, साठलेले पैसे तुमचेच राहतात, पण मुदतीआधी बाहेर पडताना साधारणपणे २० टक्केच रोख मिळतात आणि ८० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे हप्त्यांनी मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते. म्हणजे हा पैसाही कोर्टात घालायचं मनात असेल, तर त्यातला मोठा हिस्सा हातात येणारच नाही. याउलट २० वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तीच्या लाभांसाठी मोजली जाणारी सेवा, झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. निवृत्तांसाठीच्या रेल्वेच्या वैद्यकीय योजनेलाही २० वर्षांचीच अट आहे. ज्याचे दोन्ही गुडघे चौतिसाव्या वर्षी दुखतात, त्याने रेल्वे हॉस्पिटलचं कार्ड स्वतःहून फाडून टाकू नये. तुम्ही बेचाळिसाव्या वर्षी त्या टप्प्यावर पोचता. यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, निवडली असेल तर काही नियम वेगळे लागतात, म्हणून या आठवड्यात विभागाच्या वेल्फेअर इन्स्पेक्टरला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: माझी अर्हताकारी सेवा आजच्या तारखेला किती धरली आहे, बिनपगारी रजेचे दिवस त्यातून वजा झालेत का, आणि मी कुठल्या पेन्शन योजनेत आहे. दौरे आणि शिबिरं यांच्यासाठीची विशेष रजा सर्व्हिस शीटवर नीट चढलेली नाही, असं खेळाडूंच्या बाबतीत होतं. चूक सापडली तर शिबिराची पत्रं जोडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. सोबतचे खेळाडू आणि सही करणारे अधिकारी अजून जागेवर आहेत तोवर हे काम सोपं असतं.

फायलींचं काम येत नाही, हे तुम्ही लाजत लिहिलंय. लाजण्यासारखं त्यात काही नाही. दुपारनंतर मैदानावर जाणाऱ्या माणसाला ते कुणी शिकवलंच नाही. पण खेळ थांबला की सवलतीचे तासही थांबतात आणि पूर्ण ड्युटी लागते, ही गोष्ट गृहीत धरून चला. तुमच्यासोबत लागलेले बिगरखेळाडू लिपिक एव्हाना विभागीय परीक्षा देऊन पुढे गेले असतील. तुम्हीही ती परीक्षा द्या. पुढची अधिसूचना निघायची वाट न बघता मागच्या प्रश्नपत्रिका मिळवा, आणि ज्या शाखेत बसता तिथल्याच एखाद्या ज्येष्ठ कारकुनाकडे रोज एक तास बसून नस्ती कशी चालते ते शिका. सहा महिने लागतील. बारा वर्षं दिवसाला दोनशे लेअप मारणाऱ्याला हे जमणार नाही, असं आम्हाला वाटत नाही.

आता मेव्हण्याच्या जमिनीकडे येऊ, कारण खरा ओढा तिकडेच दिसतो.

पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडली की ३२ बाय १९, म्हणजे ६०८ चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, तेव्हा नुसत्या कोर्टाला सहा गुंठे लागले. उरलेल्या अर्ध्या गुंठ्यात पार्किंग, मुलींसाठी स्वच्छतागृह, सामानाची खोली आणि पालकांना बसायला जागा, हे सगळं मावत नाही. शिवाय कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण असावी लागते, नाहीतर संध्याकाळच्या बॅचला एका रिंगकडे बघताना सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि नेमकी तीच वेळ तुमच्या धंद्याची. रस्त्यालगतची पट्टी पूर्व-पश्चिम लांब असेल तर पुढचा विचारही करू नका.

बांधकामात चुका ठरलेल्या असतात. काँक्रीट ओतल्यावर किमान २८ दिवस ते पिकू द्यायचं असतं. ठेकेदार घाईत दहाव्या दिवशी ॲक्रिलिकचा थर देतो, आतली ओल वर येते आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येऊन रंग पापुद्र्यासारखा निघतो. उतार साधारण एक टक्का आणि एकाच दिशेला हवा. मधे उंच आणि कडांना खाली असं 'पाठीवरचं' कोर्ट केलं तर चेंडूची उसळी बिघडते. खांब अंतिम रेषेपासून किमान दोन मीटर मागे आणि गादी बांधलेला हवा. बोर्ड १.८० बाय १.०५ मीटर, रिंग ३.०५ मीटरवर, हे तुम्हाला पाठ आहे. पण तुमचे पहिले गिऱ्हाईक सात ते बारा वर्षांची मुलं असतील, त्यांना २.६० मीटरची रिंग आणि ५ नंबरचा चेंडू लागतो. उंची कमी-जास्त करता येणारा खांब घेतला नाही, तर ती मुलं खांद्यावरून चेंडू फेकायला शिकतात आणि ती खोड पुढे वर्षभर सुटत नाही. आणि ठेकेदाराशी बोलताना एक आकडा डोक्यात ठेवा: ६०८ चौरस मीटर म्हणजे सुमारे ६,५०० चौरस फूट. त्याने चौरस फुटामागे दहा रुपये 'किरकोळ' वाढवले की तुमचे ६५,००० गेले.

आता कर्ज. २० लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,४०० रुपये, वर्षाला ३ लाख १७ हजार. समजा ४० मुलं महिना १,२०० रुपये देतात. जमा ४८,०००. सहायक प्रशिक्षकाला १२,०००, चेंडू, जाळ्या, वीज यांना ३,०००. उरले ३३,०००. पण उघडं कोर्ट जून ते सप्टेंबर बंद, म्हणून कमाईचे महिने आठ. वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार. हप्ता त्याहून जास्त आहे, आणि यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही. पावसाळ्यात सहायकाला अर्धा तरी पगार द्यावा लागेल, नाहीतर तो दुसरीकडे जाईल, तोही धरलेला नाही. मेव्हणा उन्हाळी शिबिराचे आकडे पुढे करेल. मे महिन्यात शंभर मुलं येतातही. त्यातली पंचवीस ऑक्टोबरात दिसली तरी चांगलं समजा. शिबिराच्या गर्दीवर वर्षाचं गणित मांडणं, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक.

जमिनीचा कागदही बघा. सातबारावर मेव्हण्याचं एकट्याचं नाव आहे का, की आई, बहिणी, म्हणजे तुमची पत्नीसुद्धा, वारस म्हणून लागल्या आहेत? जमीन बिनशेती आहे का? दुसऱ्याच्या जमिनीवर नोंदणीकृत भाडेपट्ट्याशिवाय बांधलेलं कोर्ट नात्यातला एक रुसवा आला की जमिनीबरोबर जातं. तुमच्या हाती राहतात फक्त रिंगा.

वैयक्तिक हमीवर तर सहीच करू नका. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, अँटवान वॉकरने कारकिर्दीत १० कोटी ८० लाख डॉलरांहून अधिक कमावले आणि २०१० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. बडेजाव होताच, पण शिकागोतल्या मालमत्तांच्या कर्जांना त्याने स्वतः दिलेली हमी त्याला चांगलीच महागात पडली. त्याच्या उलट ज्युनियर ब्रिजमन. मिलवॉकी बक्सचा हा खेळाडू फार मोठ्या पगाराचा कधीच नव्हता, पण वेंडीज या हॉटेल-साखळीचा धंदा त्याने स्वतः आत शिरून, कामाला लागून समजून घेतला आणि मग एकेक करत शंभराहून अधिक हॉटेलं चालवली. तुम्ही दोघांच्याही आकड्यांपासून लांब आहात, म्हणून तर एकच चूक तुम्हाला जास्त महाग पडेल.

तर मग शिकवायचंच नाही का? शिकवा. पण बांधू नका. सांगली-मिरजेच्या एखाद्या शाळेचं किंवा कॉलेजचं कोर्ट संध्याकाळी रिकामं असेल, ते साडेपाच ते आठ भाड्याने घ्या. वर्षाचा लेखी करार करा, त्यात दिव्यांचं बिल कोण भरणार आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवसांत काय, हे दोन मुद्दे असू द्या. भांडणं तिथेच होतात. मुंबईत नागपाड्याने अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार दिला, १९७० चा अर्जुन पुरस्कार विजेता. तिथली पोरं वस्तीतल्या उघड्या मैदानांवरच घडत आली. दर दोन मुलांमागे एक चेंडू, बारा मुलांमागे एक प्रशिक्षक, मुलींच्या बॅचला एक महिला हजर, आणि तुमच्यासकट प्रत्येक प्रशिक्षकाला सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार, येणं, इतकं सुरुवातीला पुरेसं आहे.

फक्त एक अडचण आहे. सेवेत असताना पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. 'बायकोच्या नावावर काढू' हा सल्ला तुम्हाला चार जणांनी दिला असेलच. पत्नी कायद्याने अकादमी काढू शकते, पण कुटुंबातलं कुणी व्यवसाय करत असेल तर ते खात्याला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि त्या व्यवसायासाठी तुम्ही गिऱ्हाईक गोळा करत फिरलात तर तोही आचारनियमांचा भंगच. म्हणजे फ्लेक्सवर तुमचा जर्सीतला फोटो आणि खाली 'प्रवेश सुरू', हे नको. आधी अर्ज करा, लेखी परवानगी घ्या, परवानगी येईपर्यंत विनामानधन शिकवा आणि तेही लेखी कळवून ठेवा. बाहेरून प्रशिक्षणाचं मानधन मिळालं तर ते विवरणपत्रात दाखवा. देणाऱ्याने टीडीएस कापला असेल तर ती नोंद आयकर खात्याकडे आधीच पोचलेली असते.

याहून चांगली वाट खात्यातच आहे. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे आपल्या भाषेत एनआयएसचा, एक वर्षाचा प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम करा. खात्यातलं, क्रीडा प्राधिकरणातलं किंवा चांगल्या शाळेतलं, प्रशिक्षकाचं पद निघालं की आधी ही पदविका विचारतात. तुम्ही किती राष्ट्रीय स्पर्धा खेळलात हे त्यानंतर. निवडीच्या वेळी शारीरिक क्षमता आणि खेळातलं कौशल्य तपासतात, म्हणून गुडघे धावू देताहेत तोवर जा. चाळिशीत जाऊ म्हणाल तर निवडीतच अडकाल. रजेसाठी अर्ज क्रीडा अधिकाऱ्यामार्फत करा आणि त्यात 'परतल्यावर विभागाच्या संघाला प्रशिक्षण देईन' हे वाक्य स्पष्ट लिहा. वर्षभर घरापासून लांब राहणं जमणारच नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पण त्याचं वजन कमी. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०२४ ला निवृत्त खेळाडूंसाठी 'रीसेट' नावाचा कार्यक्रम सुरू केला, २० ते ५० वयोगटासाठी, ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेमार्फत. तोही बघून ठेवा, पण तो पदविकेची जागा घेत नाही.

पंचगिरीचं सुचवणारे भेटतील. मुख्य पंचाला चाळीस मिनिटांच्या सामन्यात सतत कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळावं लागतं, तुमच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. टेबलावरचं काम, म्हणजे गुणलेखक, वेळाधिकारी, २४ सेकंदांचं घड्याळ, हे मात्र शिकून घ्या. आपल्याकडे चांगल्या टेबलाची वानवा असते, आणि त्यामुळे स्पर्धांशी संबंध टिकतो.

गुडघ्यांचं दुखणं नेमकं कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाटीच्या खालच्या टोकाला, बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल आणि उडी मारताना वाढत असेल, तर बहुधा वाटीखालच्या स्नायुबंधाचा आजार आहे. उडी मारणाऱ्यांना होतो तोच. सकाळी ताठरपणा, सूज, आत खोल दुखणं असेल तर कूर्चा झिजल्याची शंका. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांकडून उभं राहून काढलेला एक्स-रे आधी करून घ्या, एमआरआय नंतर. पहिल्या प्रकारात पूर्ण विश्रांती ही चूक ठरते. स्नायुबंधाला भार लागतो, पण हळू. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत सुरुवात अशी: लेग एक्स्टेन्शनवर गुडघा अर्धवट वाकवून ४५ सेकंद रोखून धरायचं, पाच वेळा, मधे दोन मिनिटं. ते पचलं की लेग प्रेस आणि बैठका, तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, चार सेट, आठवड्यात तीन दिवस. बारा आठवड्यांत वजन वाढवत पंधरा आवर्तनांवरून सहावर यायचं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरलेलं हवं. पोटऱ्यांचं काम सोडू नका: एका पायावर टाच उचलणं, सलग २५ पर्यंत. कारण तुमचा पुढचा धोका आहे रविवारची 'मजेची' मॅच. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी जुन्या सवयीने उडी मारणाऱ्या, तिशी-चाळिशीतल्या पुरुषांच्या टाचेमागची शीर तुटते. आणि वेदनाशामक गोळी घेऊन मॅचला उतरणं आजपासून बंद. मूत्रपिंड आणि जठर दोन्ही त्याची किंमत मोजतात.

जेवणाचा हिशेब तुमच्या पत्नीलाही वाचायला द्या. ९८ किलोच्या माणसाचा दोन तासांचा सराव साधारण १,२०० ते १,५०० कॅलरी जाळतो. आठवड्यात पाच दिवस तो बंद झाला आणि ताट तेच राहिलं, तर कागदावर आठवड्याला पाऊण ते एक किलो चढतं. प्रत्यक्षात थोडं कमी, पण सहा महिन्यांत पँट बदलावी लागते. कमी करायचं ते केळ्याचं शेक, दुसऱ्यांदा घेतलेला भात आणि सरावानंतरचा वडापाव. अंडी, डाळ, मासे तसेच ठेवा. कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा, हे भारतीय पुरुषांसाठीचं माप. सहा फूट पाच इंचांच्या माणसाला ते जाचक वाटेल, म्हणून निदान आजचं माप लिहून ठेवा आणि ते वाढू देऊ नका. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा. सराव एकदम थांबवू नका: महिनाभर आठवड्यातून चार दिवस, मग तीन, त्यात सायकल आणि पोहणं.

"मी तिथे बसून काय करू" या वाक्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. सतनाम सिंग हा एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, निवडला गेलेला पहिला भारतीय, २०१५ मध्ये, ५२ व्या क्रमांकावर. त्यालाही पंचविशीत दुसरा आखाडा शोधावा लागला, आणि तो अक्षरशः कुस्तीचा निघाला. तुम्हाला वेळ मिळतोय, तो वापरा. पुढच्या मोसमाच्या शिबिराआधी प्रशिक्षकाला स्वतः सांगा की मी या वर्षी थांबतोय, मागून येणाऱ्या दोन पोस्ट खेळाडूंना पिव्होट, बॉक्स-आउट आणि हुक हे पोस्टवरचे डाव शिकवायला दुपारी येत जाईन. यादीतून नाव वगळल्याचं फलकावर वाचण्यापेक्षा हे बरं. दुपारी चार ते सहा या वेळेला पहिले काही महिने हात रिकामे वाटतील, चिडचिड होईल, झोप उडेल. त्या दोन तासांना काहीतरी ठरलेलं काम द्याच. दोन-तीन आठवडे झोप आणि भूक दोन्ही बिघडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. खेळाडूने तो फोन करायचा नसतो, असं काही नाही.

आणि मेव्हण्याला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येत असेल, तर त्याला जुलैपर्यंत थांबायला सांगा. चार दिवस झड लागली की दोघं मिळून त्या जमिनीवर जा आणि पाणी कुठे, किती वेळ साचतं ते बघा.